तुर्की व्यंजने उच्चारण्याची आणि प्रांतोप्रांतीच्या बोली ओळखण्याची रीत

तुर्की भाषेत प्रांतिक बोलीला 'आऽअझ' म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ तोंड असा आहे. काळ्या समुद्राकाठच्या बोलीला 'कारादेनिझ आऽझअ' म्हणजे त्या किनाऱ्याचे तोंड असे नाव आहे. तुर्कस्तानात गेल्यावर या नावाची यथार्थता लवकर पटते. कोन्या शहरातल्या एका शेअर मिनीबसमध्ये, ज्याला तिथे 'दोल्मुश' म्हणतात, चालकाने मला 'गापअयअ गापात' असे सांगितले तेव्हा मी मनातल्या मनात 'ग'पासून सुरू होणारे सगळे शब्द चाचपून पाहिले आणि जागचा हललो नाही. शेजारच्या आजींनी हात लांब करून दार ओढून घेतले. पुस्तकातले वाक्य 'कापअयअ कापात' असे होते, म्हणजे 'दार लावा'. ते मला पाठ होते, परंतु त्यातला 'क' चालकाच्या तोंडात 'ग' होऊन आला होता आणि माझ्या कानाला ती वाट ठाऊक नव्हती.

या लेखातला क्रम त्या प्रसंगातूनच आला आहे. आपले तोंड इस्तंबूलच्या प्रमाण उच्चारांवर बसवावे आणि कान मात्र साऱ्या देशासाठी तयार करावा. ही दोन कामे वेगळी आहेत आणि ती याच क्रमाने करावीत, कारण बोलींतले बहुतेक बदल प्रमाण उच्चारांत आधीच असलेल्या लकबींचे पुढचे टोक आहेत. पाया कच्चा असेल तर ती टोके हाताला लागत नाहीत.

लिपीबाबत आधी ठरवून घेऊ

तुर्की शब्द देवनागरीत लिहिताना काही संकेत पाळावे लागतात. पुढे जिथे अवग्रह (ऽ) दिसेल तिथे आधीचा स्वर लांबवावा. तुर्कीत टिंब नसलेली 'इ' असे एक वेगळे अक्षर आहे. ओठ गोल न करता 'उ' म्हणण्याचा प्रयत्न केला की तो स्वर निघतो. मराठी कानाला तो ऱ्हस्व 'अ'च्या जवळचा वाटतो, म्हणून येथे तो 'अ'नेच दाखवला आहे आणि तुर्कीतला खरा 'आ' सर्वत्र काना देऊन लिहिला आहे. 'कझ' म्हणजे मुलगी आणि 'काझ' म्हणजे बदक जातीतला हंस. हा भेद डोळ्यांना लहान दिसला तरी बाजारात मोठा ठरतो. ओठ गोल करून उच्चारायचे 'ओ' आणि 'उ' यांचे पुढचे भाऊ 'यो' आणि 'यु' असे लिहिले आहेत, परंतु त्यांत स्वतंत्र 'य' नसतो. स्वरांचा विषय येथे एवढाच.

पहिली पायरी : अक्षरे इंग्रजीच्या चष्म्यातून वाचण्याचे थांबवावे

१ नोव्हेंबर १९२८ रोजी तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन अक्षरांवर आधारलेली नवी वर्णमाला कायद्याने स्वीकारली. तिच्यात २९ अक्षरे आहेत, त्यांपैकी ८ स्वर आणि २१ व्यंजने. क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरे तिच्यात नाहीत. लेखन आणि उच्चार यांचे नाते बरेचसे सरळ असल्याने दोन दिवसांत वाचता येऊ लागते, आणि नेमक्या याच सोपेपणामुळे शिकणारा बेसावध होतो. इंग्रजी 'सी'सारखे दिसणारे अक्षर येथे 'ज' आहे, त्याच्याखाली शेपटी आली की 'च' होतो, 'एस'खाली शेपटी आली की 'श' होतो. म्हणून हमरस्त्याच्या पाटीवरचा शब्द 'कॅडे' नसून 'जाद्दे' आहे आणि मशिदीचा शब्द 'कामी' नसून 'जामी' आहे.

इंग्रजी 'जे'सारख्या अक्षराचा उच्चार मात्र 'ज' होत नाही. इंग्रजी 'ट्रेझर' शब्दाच्या मधोमध जो घासून निघणारा ध्वनी आहे तो येथे अपेक्षित आहे. हे अक्षर बहुधा फ्रेंचमधून आलेल्या शब्दांतच भेटते, उदाहरणार्थ समुद्रकिनाऱ्यासाठी 'प्लाझ्य' किंवा 'गाराझ्य'. त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही.

दुसरी पायरी : मराठी तोंडाच्या सवयी ओळखाव्यात

मराठी माणसाजवळ तुर्कीला लागणारी बहुतेक व्यंजने जन्मतः असतात. अडचण होते ती आपल्या 'च' आणि 'ज' यांच्या दुहेरी स्वभावामुळे. 'चहा'तला 'च' तालव्य आहे आणि 'चूल', 'चोर', 'चमचा' यांतला दंततालव्य. तसेच 'जीव' आणि 'जुना' यांचे. आपण लिहिताना भेद करत नाही, परंतु पुढे 'ओ' किंवा 'उ' आला की जीभ आपोआप दातांकडे सरकते. तुर्कीत फक्त 'चहा'तला 'च' आणि 'जीवा'तला 'ज' चालतो, पुढे कोणताही स्वर असो. 'चोर्बा' म्हणजे सूप. मराठी माणूस हा शब्द वाचताना हटकून 'चोर' शब्दाच्या वळणाने जातो. सरावासाठी सर्वांत उत्तम शब्द 'चोजुक' हा आहे. त्याचा अर्थ मूल असा असून त्यात दोन्ही ध्वनी नेमके आपल्याला फसवणाऱ्या स्वरांपूर्वी येतात. आरशासमोर 'चहा, चहा, चोजुक' असे म्हणावे, आणि जिभेचे टोक वरच्या दातांना लागले तर पुन्हा सुरुवात करावी.

दुसरी सवय 'झ'ची आहे. तुर्की 'झ' लिहिण्यासाठी आपल्याकडे तेच अक्षर असले तरी 'झाड'मधला श्वासाचा झोत आणि जिभेचा स्पर्श दोन्ही काढून टाकावे लागतात. मधमाशीच्या गुणगुण्यासारखा ध्वनी अडथळ्याविना लांबवता आला तर तो बरोबर. 'ग्युझेल' म्हणजे सुंदर, हा शब्द दिवसातून दहा वेळा कानी पडतो, त्यामुळे तोच तालमीला घ्यावा.

'त' आणि 'द' दंत्य आहेत, म्हणजे थेट आपले. इंग्रजीच्या मार्गाने परभाषेकडे जाण्याची सवय असल्यामुळे आपण 'टर्की', 'अटाटुर्क' असे 'ट' घालतो. तुर्की माणूस 'त्युर्किये' आणि 'आतात्युर्क' म्हणतो. 'फ' हा 'फळ'मधला नसून 'फॉर्म'मधला आहे. 'व' आपलाच सैल 'व' ठेवावा. इंग्रजी शिकताना खालचा ओठ चावण्याचा जो आग्रह झाला असेल तो येथे विसरला तरी बिघडत नाही, कारण दोन स्वरांमध्ये तुर्की 'व' इतका मऊ होतो की 'तावुक' म्हणजे कोंबडी हा शब्द 'ताउक' असा ऐकू येतो. जोडव्यंजन मात्र ठासून म्हणावे. 'एली' आणि 'एल्ली' यांत पहिला शब्द 'त्याचा हात' आणि दुसरा 'पन्नास' आहे. 'पता' आणि 'पत्ता' वेगळे ठेवणाऱ्या भाषेच्या माणसाला याहून अधिक सांगायला नको.

तिसरी पायरी : मऊ आणि जड 'क', 'ग', 'ल'

आपला 'क' सगळीकडे सारखा असतो. तुर्की 'क' आणि 'ग' मात्र शेजारच्या स्वराप्रमाणे जागा बदलतात. 'आ', 'ओ', 'उ' आणि बिनटिंबाची 'इ' या मागच्या, म्हणजे तोंडाच्या मागच्या भागात निघणाऱ्या, स्वरांबरोबर ते घशाच्या बाजूला जातात, तर 'ए' आणि 'इ'सारख्या पुढच्या, म्हणजे तोंडाच्या पुढच्या भागात निघणाऱ्या, स्वरांबरोबर ते टाळूकडे येतात आणि मागे 'य'ची पुसट छटा सोडतात. मांजर म्हणजे 'क्येदि', ये म्हणजे 'ग्येल'. ही छटा हलकी ठेवावी, पूर्ण 'य' जोडला तर ऐकणाऱ्याला गंमत वाटते.

फारसी आणि अरबीतून आलेल्या काही शब्दांत 'आ'पूर्वीही हा मऊ 'क' राहिला आहे आणि लेखनात त्या 'आ'वर छोटे छप्पर काढतात. 'कार' म्हणजे बर्फ, 'क्यार' म्हणजे नफा. आपला 'दुकान' शब्द तुर्कीत 'द्युक्क्यान' आहे. वृत्तपत्रांत हे छप्पर बरेचदा गाळले जाते, तेव्हा अर्थावरूनच उच्चार ठरवावा लागतो.

'ल'चीही अशीच दोन रूपे आहेत. मराठी 'ल' पातळ असतो आणि तो पुढच्या स्वरांबरोबर नेमका बसतो. मागच्या स्वरांबरोबर मात्र जिभेचा मागचा भाग उचलून जड 'ल' काढावा लागतो, इंग्रजी 'बॉल' म्हणताना इंग्रज माणूस काढतो तसा. येथे 'ळ' वापरण्याचा मोह होतो आणि तो टाळला पाहिजे, कारण 'ळ'साठी जीभ वळवावी लागते आणि तुर्कीत जीभ कुठेच वळत नाही. खांद्यापासूनचा हात म्हणजे 'कोल', यात जड 'ल'. फुटबॉलचा 'गोल' मात्र परकीय म्हणून पातळ 'ल' घेऊन आला आणि त्यामुळे त्याला लागणारे प्रत्ययही पुढच्या स्वरांचे झाले. 'कोलु' पण 'गोल्यु' असे का, याचे उत्तर शब्दातल्या 'ओ'मध्ये सापडत नाही. ते 'ल'मध्ये आहे.

चौथी पायरी : 'युमुशाक गे', म्हणजे मऊ ग

डोक्यावर वाटीसारखी खूण असलेल्या 'जी' अक्षराला 'युमुशाक गे' म्हणतात. या अक्षराने एकही तुर्की शब्द सुरू होत नाही. प्रमाण उच्चारात त्याला स्वतःचा ध्वनी जवळजवळ उरलेला नाही. व्यंजनापूर्वी किंवा शब्दाच्या शेवटी ते आधीचा स्वर लांबवते, म्हणून पर्वत म्हणजे 'दाऽ'. 'ए' आणि 'इ'च्या शेजारी ते 'य'सारखे होते, म्हणून 'नाही' या अर्थाचा 'देयिल', जो घाईत 'दीऽल' होतो. दोन मागच्या स्वरांमध्ये ते नाहीसेच होते. मराठी वृत्तपत्रांत 'एर्दोगन' छापले जाणारे आडनाव तुर्क माणूस 'एर्दोआन' असे उच्चारतो.

हा नियम पाठ करण्यापेक्षा मराठीतल्याच शब्दांची मदत घेणे मला सोपे गेले. फारसीमार्गे आपल्याकडे आलेले काही शब्द तुर्कीतही गेले आहेत. आपण त्यांतला 'ग' जसाच्या तसा जपला, इस्तंबूलने तो विरघळवला. आपली 'बाग' तिथे 'बाऽ' होते आणि तिचा अर्थ मुख्यतः द्राक्षमळा असा आहे. 'जिगर' तिथे 'जियेर' आहे आणि तो प्रामुख्याने खाटकाकडे आणि खानावळीत भेटतो. 'अगर' हा 'एयेर' झाला, 'कागद' हा 'क्याऽअत' झाला. हे चार शब्द लक्षात ठेवले की मऊ 'ग'चे सगळे वागणे हाताशी येते. पुढे पूर्वेकडच्या बोलींत हाच 'ग' घशातून घासत परत येतो, तेव्हाही हेच शब्द उपयोगी पडतात.

पाचवी पायरी : शब्दाचा शेवट

'ब', 'द', 'ज' आणि 'ग' हे घोष ध्वनी शब्दाच्या शेवटी तुर्कीला फारसे मानवत नाहीत. आपली 'किताब' तिथे 'किताप', 'जबाब' तिथे 'जेवाप' आणि 'हिशेब' तिथे 'हेसाप' आहे. पुढे स्वराचा प्रत्यय लागला की मूळचा 'ब' पुन्हा डोके वर काढतो. खानावळीत बिल मागताना 'हेसाप, ल्युत्फेन' असे म्हणतात, परंतु पूर्ण वाक्य करायचे असेल तर 'हेसाबअ आलाबिलिर मियिम' असे होते. एकाच टेबलावर एकाच बिलासाठी 'प' आणि 'ब' दोन्ही येतात. झाड 'आऽच' असते आणि 'झाडाला' म्हणताना त्याचा 'च' जाऊन 'ज' होतो. नाव या अर्थाच्या 'आद'सारखे थोडे शब्द या नियमाला जुमानत नाहीत, कारण 'आत' म्हणजे घोडा हा शब्द शेजारी उभा आहे.

शेवटच्या 'र'कडे पाठ्यपुस्तके दुर्लक्ष करतात. तुर्की 'र' जिभेच्या एका हलक्या टिचकीने निघतो, परंतु शब्दाच्या शेवटी त्यातला आवाज गळतो आणि हवा घासते. 'वार' म्हणजे आहे, हा शब्द प्रथम ऐकणाऱ्याला 'वार्श' असा वाटतो. 'तेशेक्क्युर्लेर' म्हणजे धन्यवाद, यातही शेवटी हीच कुजबुज आहे. ही लकब उचलणे सक्तीचे नाही, परंतु ती ओळखता आली नाही तर शेवटी 'श' आहे असे समजून शब्दकोशात वेळ जातो.

शब्दारंभीची जोडाक्षरे तुर्की जिभेला जड जातात आणि ती मध्ये स्वर घालून सोडवते. 'स्पोर' लिहिलेले 'सपोर' असे, 'त्रेन' लिहिलेले 'तिरेन' असे ऐकू येते. तसेच 'न'नंतर 'ब' आला की 'न'चा 'म' होतो, म्हणून शहराचे नाव लोकांच्या तोंडी 'इस्ताम्बुल' होते.

सहावी पायरी : घाईतली इस्तंबुली

प्रमाण बोलणारा सुशिक्षित माणूसही घरी प्रत्येक व्यंजन उच्चारत नाही. 'बिर' म्हणजे एक, यातला 'र' बोलताना जवळजवळ नेहमी गळतो. 'ग्येलियोर' म्हणजे येतो आहे, याचे 'ग्येलियो' होते. 'काय करतोस' या अर्थाचे 'ने यापअयोर्सुन' हे लांबलचक वाक्य 'नापअयोसुन' एवढे होते. 'ह'देखील डळमळीत आहे. 'मेहमेत' हे नाव 'मेऽमेत' होते आणि 'काह्वे' म्हणजे कॉफी 'काऽवे' होते. काही ठिकाणी ही गळती लेखनातच पोहोचली आहे. रुग्णालयाचा शब्द मुळात 'हास्ताहाने' होता आणि आज तो 'हास्ताने' लिहिला जातो. आपल्या 'दवाखाना' आणि 'कारखाना' यांतला 'खाना' तो हाच, फक्त तुर्कीत आधी 'ख'चा 'ह' झाला आणि मग 'ह'ही गेला.

'आऽबेय' म्हणजे थोरला भाऊ, हा शब्द 'आबि' झाला असून आपल्याकडे अनोळखी माणसाला 'दादा' म्हणावे तसा तो वापरतात. भाजीवाल्याला पूर्ण उच्चार ऐकवला तर आपण वर्गातून आलो आहोत हे त्याला लगेच समजते.

सातवी पायरी : कान प्रांतोप्रांती न्यावा

येथून पुढे अनुकरण करायचे नसून फक्त ओळखायचे आहे. तुर्की भाषाशास्त्रज्ञ लेय्ला काराहान यांनी १९९६ मध्ये अनातोलियातल्या बोलींचे पूर्व, ईशान्य आणि पश्चिम असे तीन मोठे गट मांडले. प्रवाशाच्या कानाला मात्र नकाशाच्या रेषांपेक्षा ध्वनींच्या खुणा धरून चालणे सोपे जाते, म्हणून त्या क्रमाने सांगतो.

सर्वांत आधी ओळखावी ती मध्य अनातोलियातली 'क'ची 'ग' होण्याची खूण. ती सर्वाधिक ठिकाणी भेटते. मागच्या स्वरांपूर्वी शब्दारंभीचा 'क' घोष होतो. 'कझ'ची 'गझ' होते, 'कारा' म्हणजे काळा याचे 'गारा' होते, आणि राजधानीतले जुने रहिवासी स्वतःच्या शहराला कौतुकाने 'आंगारा' म्हणतात. याच ओघात 'त'चा 'द' होतो, 'ताश' म्हणजे दगड 'दाश' होतो आणि 'तुझ' म्हणजे मीठ 'दुझ' होते. येथे एक बारीक गंमत आहे. 'कोल' म्हणजे हात याचेही 'गोल' होते. मग हा हात आणि फुटबॉलचा गोल वेगळे कसे कळतात? तिसऱ्या पायरीवर पाहिलेला 'ल' येथे कामी येतो. हातातला 'ल' जड राहतो आणि मैदानावरचा पातळ. ज्याने 'ल'चा सराव केला नाही त्याला हा फरक ऐकूच येत नाही.

याच पट्ट्यात आणि पश्चिमेकडे एजियन भागातही एक जुना अनुनासिक ध्वनी टिकून आहे, जो इस्तंबूलने सोडून दिला. तो म्हणजे आपला 'ङ'. उस्मानी काळात अरबी लिपीत त्यासाठी 'काफ'चेच अक्षर वापरत, त्यामुळे जुन्या लेखनात तो वेगळा दिसत असे. नव्या वर्णमालेत त्याला जागा मिळाली नाही आणि सगळीकडे 'न' लिहिला गेला. खेड्यात मात्र 'साना' म्हणजे तुला हे 'साङा' असे, 'देनिझ' म्हणजे समुद्र हे 'देङिझ' असे आजही ऐकू येते. इंग्रजी किंवा जर्मन माध्यमातून शिकणाऱ्याला हे समजावताना बराच खटाटोप करावा लागतो. आपल्याला 'वाङ्मय' शब्द आठवला की पुरे. या एका बाबतीत देवनागरी तुर्कीच्या आजच्या लिपीहून अधिक नेमकी आहे, असे मला वाटते.

पूर्वेकडे एर्झुरुम आणि कार्सच्या दिशेने गेले की शब्दामधला आणि शेवटचा 'क' घासून 'ख़' होतो. 'योक' म्हणजे नाही, याचे 'योख़'. 'चोक' म्हणजे खूप, याचे 'चोख़'. 'बाकमाक' म्हणजे पाहणे, याचे 'बाख़माख़'. मऊ 'ग'ही येथे पुन्हा ऐकू येऊ लागतो आणि 'दाऽ' हा 'दाग़' होतो. कार्स आणि इग्दिर परिसरातली बोली अझरबैजानीच्या इतकी जवळ जाते की 'मी येतो आहे' याला 'ग्येलिरेम' म्हणतात. त्याच्या दक्षिणेला उर्फा, मार्दिन आणि दियार्बाकिर भागात अरबी आणि कुर्दी शेजारामुळे घशातून खोल निघणारा 'ह' आणि तसाच घशातला अरबी ध्वनी 'ऐन' टिकून आहेत. उर्दू नेमकेपणाने ऐकलेल्या माणसाला त्या बोलीत खोल 'क'ही सापडेल.

काळ्या समुद्राकाठी त्राब्झोन आणि रिझे येथली बोली देशभर विनोदांचा विषय आहे. तेमेल आणि दुर्सुन या जोडीचे किस्से याच लकबीत सांगितले जातात. येथला नियम तिसऱ्या पायरीचेच टोक आहे. पुढच्या स्वरापूर्वी टाळूकडे सरकलेला 'क' आणि 'ग' येथे आणखी पुढे येऊन थेट 'च' आणि 'ज' होतात. 'इकि' म्हणजे दोन याचे 'इचि', 'ग्येल्दिम' म्हणजे मी आलो याचे 'जेल्दुम'. शेवटचा स्वरही बदललेला दिसेल, कारण स्वरांच्या मेळाचा, म्हणजे शब्दातल्या स्वरांनी एकमेकांशी जुळण्याचा, नियमही ही बोली वेगळ्या रीतीने पाळते. या किनाऱ्यावर लाझ ही स्वतंत्र भाषाही बोलली जाते. ती जॉर्जियनच्या कुळातली आहे. काळ्या समुद्राकाठच्या प्रत्येक तुर्की बोलणाऱ्याला 'लाझ' म्हणण्याची इतरत्र प्रथा असली तरी आपण तो घोटाळा करू नये.

युरोपच्या बाजूला एदिर्ने, किर्क्लारेली आणि तेकिर्दाऽ येथली खूण ऐकून पाच मिनिटांत पकडता येते. शब्दारंभीचा 'ह' सरळ गळतो. 'हासान' हा 'आसान' होतो. 'हावा' म्हणजे हवामान हे 'आवा' होते, ज्याचा प्रमाण भाषेत 'शिकारीला' असा अर्थ निघतो. वाक्याच्या शेवटी 'बे या' ऐकू आले तर शंका उरत नाही.

सायप्रसची तुर्की हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथेही 'गापअ' आणि 'दाश' भेटतात, 'ङ' टिकून आहे, आणि 'काय करतोस' हे 'नापान' एवढ्यावर आटोपते. प्रश्नार्थक 'मि' गाळून केवळ सुराने प्रश्न विचारण्याची तिथली पद्धत मात्र नवख्याला गोंधळात टाकते, कारण विधान आणि प्रश्न यांतला फरक फक्त सुराच्या चढावर राहतो.

आठवी पायरी : रोजचा सराव

एक क्रियापद घ्यावे आणि ते देशभर फिरवावे. 'मी येतो आहे' यासाठी 'ग्येलियोरुम' हे प्रमाण रूप आहे. एजियन भागात आणि घाईत सर्वत्र 'ग्येलियोम', काळ्या समुद्राकाठी 'जेलेय्रुम', कार्सकडे 'ग्येलिरेम' आणि सायप्रसमध्ये 'ग्येलिरिम'. ही पाच रूपे मोठ्याने म्हणू नयेत, फक्त ऐकावीत आणि ऐकताच प्रांत सांगावा. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांत नोकर, शेतकरी किंवा विनोदी पात्रे यांच्या तोंडी बोली घातलेल्या असतात. त्यांत अतिशयोक्ती असल्याने सुरुवातीला ओळखायला त्या सोप्या जातात. नंतर रस्त्यावरच्या मुलाखती ऐकाव्यात. आपल्या तोंडासाठी मात्र सरकारी प्रसारण संस्था तेरेते हिच्या बातम्या ऐकून एकेक वाक्य मागोमाग म्हणावे आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ताडून पाहावे. दररोज दहा मिनिटे पुरतात, परंतु स्वतःचे मुद्रण ऐकण्याचा कंटाळा करू नये.

तुर्की भाषा संस्था १९३२ मध्ये स्थापन झाली. तिच्या संकेतस्थळावरच्या शब्दकोशात अनेक शब्दांचे उच्चार ऐकता येतात. याच संस्थेने खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या बोलीशब्दांचा १२ खंडांचा कोश १९६३ ते १९८२ या काळात छापला आणि तोही तिथे शोधता येतो. प्रमाण कोशात शब्द सापडला नाही तर प्रथम त्याच्या आरंभीच्या 'ग'च्या जागी 'क' आणि 'द'च्या जागी 'त' घालून पाहावे, नंतर शब्दाआधी 'ह' लावून पाहावा, आणि तरीही हाती काही लागले नाही तरच बोलीकोशाकडे जावे. या क्रमाने माझे बहुतेक शब्द पहिल्या दोन प्रयत्नांतच सापडतात.

माणसांशी बोलताना थोडे जपावे. 'पानी' म्हणणाऱ्याला 'पाणी' म्हणणाऱ्याने हसावे, हा प्रकार आपल्याकडे जसा आहे तसाच 'गझ' म्हणणाऱ्याच्या वाट्याला तिथे येतो, आणि परदेशी माणसाने ती लकब नकलेसारखी वापरली तर ती थट्टाच वाटते. त्याऐवजी 'मेम्लेकेत नेरे?' असे विचारावे, म्हणजे 'गाव कुठले?'. इस्तंबूलमध्ये राहणाऱ्यांपैकी पुष्कळांचे मूळ गाव दुसरीकडे असते, त्यामुळे हा प्रश्न तिथे नेहमीचा आहे आणि टॅक्सीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत कोणालाही तो आवडतो. उत्तर येण्यापूर्वी आपण मनात प्रांत ठरवून ठेवावा. सुरुवातीला माझे दहातले दोन अंदाज बरोबर येत. कोन्याचा अंदाज मात्र त्या मिनीबसनंतर माझा कधी चुकलेला नाही.